मीटिंगहाऊसच्या आवारात बालवाडी: भाड्याचा आकडा सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर काउंटीत तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं दोनशे वर्षांपूर्वीचं मीटिंगहाऊस, म्हणजे प्रार्थनागृह, आहे. भोवती पाच-सहा एकर जागा, ओढा, जुनी झाडं, एका अंगाला दफनभूमी. रविवार सोडला तर तिथे फारसं कोणी नसतं. तुम्हाला तिथे तीन ते पाच वयाच्या १६ मुलांची आउटडोअर प्रीस्कूल सुरू करायची आहे, आठवड्यातून चार दिवस, सकाळी ९ ते १. पुढच्या वर्षी २४ मुलं घ्यायचा विचार आहे. चार महिन्यांपूर्वी तुम्ही पत्र दिलंत. मंडळी प्रेमानं बोलली, आवार फिरवून दाखवलं, पण अजून ना होकार ना नकार. आता भाडं किती सांगावं, लेखी करार मागितला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल का, आणि या लोकांच्या मनात जागा द्यायची आहे तरी का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला अशाच एका आवारात अकरा वर्षं बालवाडी चालवते आहे. पहिली तीन वर्षं नुसती भाडेकरू होते. मग रविवारी मीटिंगला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेला (त्या मंडळींच्या समूहालाही ‘मीटिंग’च म्हणतात), जाऊन बसायला लागले, आणि गेली काही वर्षं त्यांच्या प्रॉपर्टी कमिटीवरही आहे. शाळेचा विषय निघाला की मी निर्णयातून बाजूला होते, पण बोलणं कानावर पडतंच. त्यामुळे दोन्ही बाजूंना काय वाटतं ते मला माहीत आहे.

तुमचं घोडं भाड्यापाशी अडलेलं नाही. तुम्ही जागामालकाच्या उत्तराची वाट बघताय, आणि तिथे त्या अर्थानं मालक कोणी नाही. एक छोटा समाज आहे, आणि एका नव्या शेजाऱ्याबरोबर घर वाटून राहायचं का, याचा तो विचार करतो आहे. भाडेकरूला कोपरा तोडून देता येतो. इथे सोमवारी तुमची मुलं ज्या बाकांशेजारून बाथरूमला जातील, त्याच बाकांवर रविवारी ती माणसं बसणार आहेत.

त्यांची निर्णयाची पद्धत कळली की चार महिन्यांचा अर्थ कळेल. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सभोवती हा पंथ उभा राहिला, आणि १६८१मध्ये विल्यम पेनला सनद मिळाल्यावर आपल्या या भागात मोठ्या संख्येनं वसला. इकडच्या बहुतेक मीटिंगांत पाळक नसतो. रविवारी सगळे तासभर शांत बसतात, कोणाला आतून बोलावंसं वाटलं तर उठून बोलतो. कामकाजही त्याच वळणाचं. महिन्यातून एकदा बैठक, ती चालवायला एक क्लार्क. मतदान नाही. सात विरुद्ध पाच असा निकाल तिथे लागूच शकत नाही. सगळ्यांचं ऐकून मीटिंगचा कल कुठे आहे ते क्लार्क शब्दांत पकडतात, ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतात, आणि बसलेल्यांना तो पटला तरच तो ठराव. महत्त्वाचा विषय पहिल्या बैठकीत संपवत नाहीत, महिनाभर मुरू देतात. त्यांचा स्वतःचा शब्दही तसाच आहे, ‘सीझनिंग’. तुमचं पत्र आधी प्रॉपर्टी कमिटीकडे गेलं असणार, तिथून बैठकीत, मग मुरायला ठेवलं असणार, शिवाय जमिनीची कागदपत्रं ट्रस्टींच्या हातात. मधे उन्हाळा आला तर काही ठिकाणी बैठकच होत नाही. आमचं सातव्या महिन्यात ठरलं. चार महिन्यांचा अर्थ नकार असा मी तरी काढणार नाही.

या काळात एक गोष्ट करू नका: ओळखीच्या सभासदांना एकेकट्याला फोन करून ‘आमच्या बाजूनं बोला’ असं सांगू नका. तिथे बाजू नसतात, आणि असं केलेलं कळलं की माणसं दुखावतात. त्याऐवजी क्लार्कना विचारा की विषय पुन्हा कधी येणार आहे आणि मी येऊन बसले तर चालेल का. बहुधा चालतं. आणि एक प्रश्न जरूर विचारा: कोणाला कसली काळजी वाटते आहे?

हा प्रश्न मला उशिरा सुचला. आमच्या वेळी ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. लागोपाठ दोन बैठकांत त्या एवढंच म्हणाल्या की मला हे ठीक वाटत नाही. का, ते सांगितलं नाही. मी मनात धरून बसले होते की यांना मुलांचा गोंगाट नको. शेवटी क्लार्कनी मला त्यांच्याकडे पाठवलं आणि सांगितलं, पटवायला जाऊ नका, ऐकायला जा. आजी मला दफनभूमीत घेऊन गेल्या. बीच जातीच्या एका झाडाखाली गुडघ्याएवढाही उंच नसलेला एक दगड होता, त्यावर नाव आणि दोन वर्षं, बाकी काही नाही. त्यांच्या यजमानांचा. दर गुरुवारी सकाळी घडीची खुर्ची घेऊन त्या तिथे तासभर बसायच्या. सोळा मुलं आवारात आली की ते संपलं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि चारचौघांत ते मागायचा त्यांना संकोच वाटत होता. आम्ही लिहून दिलं की गुरुवारी ११ वाजेपर्यंत मुलं ओढ्याकडच्या बाजूला राहतील. पुढच्या बैठकीत त्या म्हणाल्या की मी आड येत नाही. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. करारातली ती ओळ आम्ही काढलेली नाही, कारण आता दुसरं कोणी कोणी गुरुवारी तिथे येऊन बसतं.

म्हणून दफनभूमीबद्दल जरा सविस्तर सांगते. तिथे मुलांना जाऊच द्यायचं नाही असं मी म्हणत नाही. आमची मुलं रांगेनं जातात, दगडावर चढत नाहीत, टेकत नाहीत. जुने संगमरवरी दगड पायात कमकुवत झालेले असतात, मुलाच्या वजनानंही कलतात आणि बोट किंवा पाऊल चेमटू शकतं, त्यामुळे हा नियम आदराइतकाच सुरक्षिततेचाही आहे. पण मोठा प्रश्न दिसत नाही तिथे असतो. सुरुवातीचे क्वेकर कबरीवर दगड लावायच्या विरुद्ध होते, मेल्यावर कोणाचं नाव मोठं नि कोणाचं लहान दिसू नये म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी ही रीत होती. म्हणजे तुमच्या आवारात दगडांची रांग संपते तिथे कबरी संपतात असं नाही. आउटडोअर बालवाडी म्हटलं की मुलं खणणार. चिखलाचा खड्डा कुठे करायचा ते मीटिंगच्या दफन-नोंदी बघून, त्यांच्या माणसाबरोबर प्रत्यक्ष चालून, खुंट्या ठोकून ठरवा. आम्ही पहिल्यांदा निवडलेली जागा अशीच रद्द झाली. नोंदवहीत तिथे अठराव्या शतकातल्या कबरींची एक अख्खी ओळ होती.

आणि दफन आठवड्याच्या मधल्या वारीही होऊ शकतं. त्या दिवशी शाळेनं काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं. आमच्याकडे ४८ तास आधी कळवतात, आणि तेवढा वेळ आम्ही जवळच्या पार्कात जातो.

आता इमारत. तुम्ही लिहिलंय की ‘आमची शाळा बाहेरच भरते, आतलं फक्त बाथरूम लागेल’. इथेच खरी गोम आहे. आठवड्यातून एक दिवस, तासा-दीड तासाच्या वापरासाठी केलेली सेप्टिक सिस्टीम आणि चार दिवस १६ मुलांचे फ्लश, हे गणित जमतंच असं नाही. टाकी किती गॅलनची आहे, शेवटची कधी उपसली, पाणी जिरणारी जागा कुठे आहे, हे विचारा. ती जागा कळली की तिच्यावर मुलांना खेळवू नका आणि गाड्या तर मुळीच लावू देऊ नका. वाइप्स कमोडमध्ये टाकायच्या नाहीत अशी पाटी कितीही लावा, पालक टाकतात. आम्ही दुसऱ्या वर्षी फ्रीझरमधून आणल्यासारख्या थंडीत ड्रेन तुंबलेलं सोसलं आहे, शनिवारी दुपारी, दुसऱ्या दिवशी मीटिंग. त्या प्लंबरचं बिल आम्ही दिलं आणि तेव्हापासून वाइप्ससाठी झाकणाची बादली आहे.

पाणी विहिरीचं आहे का? असेल तर डोकी मोजा. केंद्रीय कायद्यानुसार तेच २५ किंवा जास्त लोक वर्षातले सहा महिन्यांहून अधिक काळ एखाद्या खासगी विहिरीचं पाणी वापरत असतील, तर ती सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या एका वर्गात मोडते आणि तपासण्या, नोंदी, जबाबदार माणूस असं सगळं मागे लागतं. आज तुम्ही १६ मुलं आणि तीन-चार शिक्षक, म्हणजे खाली आहात. २४ मुलं केलीत की वर जाल. आणि ती जबाबदारी जागेच्या मालकावर, म्हणजे मीटिंगवर पडते. तुमच्या वाढीचा त्यांच्यावर असा परिणाम होणार आहे हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नका.

इमारत १९७८च्या आधीची असली की शिसं असलेल्या रंगाची शक्यता धरायची, कारण त्या वर्षी असा रंग घरांसाठी बंद झाला. आत तुम्ही कमी असाल, पण भिंतीलगतच्या मातीचं काय? दीडशे-दोनशे वर्षं रंग खरवडला गेला, तो पागोळ्यांखालच्या मातीत पडला. नेमकी तीच माती मुलांना मऊ म्हणून आवडते. पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती पाठवून तपासून घेता येते. चार ठिकाणचे नमुने द्या: भिंतीलगत, घोड्यांच्या जुन्या शेडजवळ, पार्किंगच्या कडेला आणि जिथे मुलं खेळणार तिथे. आमच्याकडे भिंतीलगतचा नमुना खराब निघाला. तिथे झुडपं लावली, लाकडाचा भुसा टाकला, आणि मुलांना सांगितलं की ही भिंतीची जागा. मुलांनी ते मोठ्यांपेक्षा लवकर पाळलं.

बाहेरच्या धोक्यांत आपल्या भागात पहिला नंबर गोचिडीचा. तिच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचे रुग्ण पेनसिल्व्हेनियात फार आहेत. मे ते जुलैत जी पिल्लं असतात ती खसखशीच्या दाण्याएवढी, काखेत नि कानामागे शोधावी लागतात. आम्ही जाताना एकदा तपासतो आणि घरी आंघोळीच्या वेळी पुन्हा बघा असं पालकांना लेखी देतो. गोचीड चिकटल्यावर रोग लागायला बहुधा दीड-दोन दिवस जातात, म्हणून रोजची तपासणी खरोखर उपयोगी पडते. पण इथे मीटिंगशी खटका उडू शकतो. बऱ्याच मीटिंगांना मधमाश्यांसाठी, फुलपाखरांसाठी गवत वाढू द्यायचं असतं, निसर्गाची राखण हा त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. तुम्हाला गवत आखूड हवं. आमचा तोडगा असा: वरचं कुरण त्यांचं, जूनमध्ये कापत नाहीत, मुलांच्या वाटा आणि बसायची जागा आम्ही आखूड ठेवतो, आणि झाडीच्या कडेनं तीन फूट रुंद भुशाचा पट्टा आहे. पट्ट्याच्या पलीकडे मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही.

झाडांकडे वर बघा. आपल्याकडे अ‍ॅश जातीची झाडं एका हिरव्या किड्यानं मेली आहेत, तो किडा राज्यात २००७मध्ये सापडला. वाळलेलं अ‍ॅश फार ठिसूळ होतं, वारा नसतानाही फांदी खाली येते. वर्षातून एकदा झाडांच्या जाणकाराला बोलवा आणि त्याचा अहवाल मीटिंगलाही द्या. झाड तोडायचा खर्च कोणाचा, हा वाद हमखास होतो. माझं मत असं की जे झाड रविवारच्या माणसांवरही पडू शकतं ते मीटिंगचं, आणि जे फक्त तुमच्या खेळाच्या जागेवर पडू शकतं त्याचा निम्मा भार तुम्ही उचला.

एक प्रसंग असा आला जो कुठल्याही यादीत नव्हता. लँटर्नफ्लाय हा झाडांचं नुकसान करणारा किडा २०१४मध्ये आपल्याच राज्यातल्या बर्क्स काउंटीत सापडला आणि काही वर्षांत आमच्या झाडांवर आला. दिसला की चिरडा, असं राज्याचं कृषी खातं सांगत होतं. आमच्या मुलांना तो खेळच झाला. दोन फ्रेंड्सना (क्वेकर स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवतात) ते बघून फार वाईट वाटलं. अहिंसा मानणाऱ्या माणसांच्या अंगणात चार वर्षांची पोरं मारण्यात रमली होती. त्यांनी तक्रार केली नाही, मला एका दुपारी भेटून शांतपणे सांगितलं. आम्ही ठरवलं की हिवाळ्यात अंडी खरवडायचं काम मोठ्यांनी करायचं आणि मुलांनी फक्त कुठे दिसली ते दाखवायचं. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या जागेत आपण आहोत, हे मला त्या दिवशी नीट समजलं.

तसंच, ‘आम्ही क्वेकर शाळा आहोत’ असं पालकांना कधीही सांगू नका, नावात ‘फ्रेंड्स’ घालू नका. मीटिंगच्या छायेखालच्या शाळा वेगळ्या असतात. फिलाडेल्फियात १६८९पासून त्यांच्या शाळांची परंपरा आहे, आणि तो शब्द ते जपून वापरतात. तुम्ही शेजारी आहात, तेवढंच म्हणा.

आतल्या जागेवर मात्र थोडा हक्क मागून घ्या. ‘सगळं बाहेरच’ हे वाक्य पहिल्याच वादळात मोडतं. आमच्या करारात हे नव्हतं. ७ जून २०२३ला कॅनडातल्या वणव्यांचा धूर आमच्यापर्यंत आला. वार बुधवार. बुधवारी साडेदहाला सहा-सात मंडळी प्रार्थनेला बसतात. आकाश हळदीच्या पाण्यासारखं झालं होतं, जळका वास सुटला होता, आणि काही मुलांचे पालक कामावर पोहोचलेही होते. मी मुलांना आत घेतलं. जुन्या मीटिंगहाऊसमध्ये मधोमध लाकडी पार्टिशन असतं, पूर्वी बायकांची आणि पुरुषांची कामकाजाची बैठक वेगळी व्हायची त्यासाठी. त्याच्या एका बाजूला ते शांत बसले, दुसऱ्या बाजूला मी मुलांना कणकेचे गोळे दिले. थोड्या वेळानं एका मुलानं फटीला डोळा लावला आणि मोठ्यानं विचारलं, “ते सगळे झोपलेत का?” पलीकडे कोणी हललं नाही. तास संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ इकडे आले, मुलांमध्ये जमिनीवर बसले आणि त्याला म्हणाले, “नाही, आम्ही ऐकत होतो. तुलासुद्धा.” पण त्याच प्रार्थनेतल्या एका बाईंना न विचारता आत आलो याचं वाईट वाटलं होतं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. पुढच्या महिन्यात लिहून घेतलं: धूर, वीज, गोठवणारी थंडी किंवा जोराचा वारा असेल तर शाळेनं परवानगीची वाट न बघता आत यावं, फक्त फोन करावा, आणि बुधवारी साडेदहा ते साडेअकरा स्वयंपाकघराच्या बाजूला राहावं.

आत मुलं येणार म्हटल्यावर अग्निसुरक्षा आणि टाऊनशिपचं, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाचं, झोनिंग (कुठली जागा कशासाठी वापरायची याचे नियम) हे प्रश्न येतात. इथे मी ठामपणे काही सांगणार नाही, कारण प्रत्येक टाऊनशिपचे नियम वेगळे. प्रार्थनास्थळाला असलेली परवानगी बालवाडीला आपोआप लागू होत नाही, एवढं धरून चाला आणि मीटिंगचा ठराव होण्याआधीच टाऊनशिपच्या कचेरीत विचारून या. लायसन्सचंही तसंच. वॉशिंग्टन राज्यानं २०१७मध्ये आउटडोअर प्रीस्कूलसाठी वेगळ्या लायसन्सचा प्रयोग सुरू केला, त्यांचे नियम वाचायला चांगले आहेत, पण ते तिथले. आपल्या राज्याच्या कार्यालयातून तुमच्या तासांना आणि वयाला काय लागतं ते लेखी मिळवा.

इन्शुरन्सवर फार लिहीत नाही. तुमच्या पॉलिसीत मीटिंगचं नाव जोडून प्रमाणपत्र त्यांना द्या, आणि मुलांशी कोणी गैरवर्तन केल्याच्या दाव्यांसाठीचं कलम पॉलिसीत आहे का ते स्वतः वाचा. एजंट ‘आहे’ म्हणतो त्यावर थांबू नका.

याच्याशी जोडलेली अवघड गोष्ट म्हणजे माणसांची ये-जा. पेनसिल्व्हेनियात मुलांबरोबर काम करणाऱ्यांना तीन तपासण्या लागतात: राज्य पोलीस, बालछळाच्या नोंदी आणि एफबीआयचे बोटांचे ठसे. त्या दर ६० महिन्यांनी नव्यानं कराव्या लागतात. तुमच्या शिक्षकांचं ठीक आहे, पण मीटिंगमधले कोणी आजोबा मंगळवारी छपराची पन्हळ साफ करायला येतात, मुलं त्यांच्याभोवती जमतात, ते खिशातून गोळ्या काढून देतात. प्रेमाची माणसं असतात हो. तरीही नियम एकच ठेवा: शाळेच्या वेळात शिक्षकाशिवाय कोणीही मुलाबरोबर एकटं राहणार नाही, बाथरूमच्या बाजूचा दरवाजा शाळेचाच. हे पहिल्या भेटीतच सांगा, सगळ्यांना सारखं सांगा. समानता हे त्यांचं मूल्य आहे, सरसकट नियम त्यांना पटतो. एका व्यक्तीला नंतर बोलावून सांगावं लागलं तर ते जन्मभर लागतं.

ही सगळी चर्चा कमिटीपुढे करताना मला आपल्याकडच्या एका गोष्टीचा फार उपयोग झाला. ‘मुलं पावसात बाहेर?’ असं कोणी विचारलं तेव्हा मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगितलं: बोर्डी-कोसबाडला मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली, त्यातून अंगणवाडी आली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. समोरच्या एका बाईंचे डोळे चमकले. त्यांनी विचारलं, सेवाग्रामच्या जवळ आहे का हे? जवळ नाही, पण त्यांना सेवाग्राम माहीत होतं, कारण तिथे गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीचं काम केलेल्या मार्जरी साइक्स क्वेकर होत्या. तुम्हीही तुमची मुळं सांगा. आपण कोण, हे कळलेल्या शेजाऱ्याला जागा देणं सोपं जातं.

आता भाडं. माझा आकडा तुम्हाला सांगून उपयोग नाही, आवार आणि तास वेगळे. पद्धत सांगते. तुम्ही आल्यामुळे त्यांचा जो खर्च वाढेल तो आधी मोजा: रविवारी एक दिवस तापणारं घर चार दिवस तापलं तर तेल किती, वीज, सेप्टिकचा उपसा, साफसफाई, गवत, आणि बर्फ. बर्फ विसरू नका. त्यांना रविवारी दहापर्यंत रस्ता मोकळा लागतो, तुम्हाला सोमवारी साडेआठला. पहाटे बर्फ बाजूला सारणारा तो नांगरवाला कोणाच्या खिशातून? हा सगळा खर्च पूर्ण तुमच्याकडून, आणि त्यावर इमारतीच्या देखभालीला एक ठरावीक रक्कम. असा कागद समोर ठेवला की रक्कम मोठी की लहान यावर घासाघीस होत नाही, फक्त हिशेब तपासला जातो. तुमची संस्था नफ्यासाठी आहे की बिगर-नफा, हेही आधी ठरवा, कारण मीटिंगच्या मालमत्ता-करमाफीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. त्यांच्या वकिलाला ते बघू द्या, घाई करू नका.

लेखी कराराची भीती काढून टाका. क्वेकर शपथ घेत नाहीत, कारण त्यांच्या मते शब्द एरवीही खराच असला पाहिजे, पण लिहिण्याच्या बाबतीत त्यांच्याइतकी काटेकोर माणसं मी पाहिलेली नाहीत. त्यांच्या ठरावांच्या वह्या शतकानुशतकांच्या आहेत. तुम्ही लिहून मागितलंत तर त्यांना बरंच वाटेल. मी स्वतः याआधी दुसऱ्या एका ठिकाणी तोंडी बोलीवर शाळा चालवली होती, तिथे फेब्रुवारीत महिनाभराची मुदत मिळाली आणि बारा कुटुंबं अधांतरी राहिली. म्हणून करारात एक कलम कधीही सोडू नका: कोणत्याही बाजूनं नोटीस जानेवारीअखेरपर्यंत द्यायची आणि ती जूनमध्ये, शाळेचं वर्ष संपल्यावरच लागू व्हायची. पालक पुढच्या वर्षाचे प्रवेश हिवाळ्यात घेतात, तीस दिवसांच्या नोटिशीवर बालवाडी चालत नाही. पहिला करार एकाच वर्षाचा करा, प्रयोग म्हणून. मीटिंगला कायमचा होकार देणं जड जातं, एका वर्षाचा देता येतो. मार्चमध्ये दोघांनी बसून काय जमलं, काय नाही ते बोलायचं, तारीखही आत्ताच लिहून टाका.

आणि दोन्हीकडून एकेक माणूस नेमा. चावी हरवली, पाइप फुटला, बाकावर चिखलाचा हात उमटला, की त्यानं त्यालाच फोन करायचा. आमची पहिली दोन वर्षं मला सहा वेगवेगळे लोक सहा वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते, सगळे चांगल्या मनानं. एक माणूस ठरल्यावर निम्मे प्रश्न मिटले.

तेव्हा पुढच्या बैठकीसाठी एकच पान तयार करा. दिवस आणि तास. एकूण डोकी, या वर्षी आणि पुढच्या वर्षी. बाथरूम आणि पाणी. कुठे मुलं जाणार नाहीत. हवा बिघडली तर कुठे जाणार. दुपारी दीड वाजता तुम्ही निघाल तेव्हा तिथे काय दिसेल, म्हणजे झाडलेली फरशी, जागेवर सरकवलेले बाक, गमबुटांचा स्टँड शेडमध्ये, दोरीवर काही वाळत नाही. खाली अर्धं पान मोकळं ठेवा, त्यावर लिहा, ‘आमच्याकडून काय राहिलं?’ भाड्याचा कागद वेगळा, बरोबर न्या पण विचारल्यावर द्या. आणि हे पान बैठकीच्या आठ-दहा दिवस आधी क्लार्कच्या हातात पडू द्या, म्हणजे विषयपत्रिकेबरोबर ते सगळ्यांना घरी वाचायला मिळेल.